दादाचा स्वस्त प्लॅन

"मला ऐकूच येत नाही, तर बोलण्याचे पैसे मी का भरू?" दादानं विचारलं, आणि दुकानात मागं उभी असलेली माणसं हसली.

मोबाइलच्या दुकानात बसणाऱ्या बाईला आम्ही रिचार्जवाली म्हणतो. तिनं मान वर केली. "काका, पैसे डेटाचे आहेत. कॉलिंग त्यात फुकट येतं."

"मग ते फुकटातलं काढून घे आणि तेवढे पैसे कमी कर."

"फुकटाचे पैसे कमी कसे करू, काका?"

हे ती खाली बघत बोलली, म्हणून दादाला कळलं नाही. मी त्याच्यासमोर जाऊन तेच ओठांनी सांगितलं. तो म्हणाला, "चणे आहेत तिथं दात नाहीत, आणि वर चण्यांचे पैसे." पुन्हा हशा झाला. माणसं हसली की दादाला वाटतं आपण जिंकलो, त्यामुळे त्यानं मुकाट्यानं पैसे काढून दिले.

दादा माझा मोठा भाऊ. दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहतो. हट्टी म्हणाल तर आमच्या घराण्यात त्याचा नंबर पहिला आणि माझा दुसरा. पण त्याचं म्हणणं तसं चूक नव्हतं. कुठलाही प्लॅन घ्या, हवं तितकं बोला म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, आणि डेटा मात्र रोज चमच्याचमच्यानं. त्यात यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. मी तयार कपड्यांच्या दुकानात काज-बटणं करते. पगार देताना आमचा शेठ कधी म्हणाला नाही, की बाई, अठ्ठावीस दिवस झाले, या घेऊन जा.

दादाला डेटा का लागतो, ते आधी सांगायला हवं. आम्ही दोघं आणि माझी वहिनी, तिघंही कापडाच्या कारखान्यात मागावर होतो. सगळे माग एकदम सुरू झाले की धोट्यांच्या खडखडाटात कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही. म्हणून तिथं कुणी ओरडतच नसे. सगळे आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचे, तोंड जरा मोठं करून. या टोकाच्या माणसाला त्या टोकाच्या बाईची चौकशी करता यायची. मुकादमाची टिंगल त्याच्या नाकासमोर चालायची आणि त्याला पत्ता नसायचा. आम्ही तिला मागाची बोली म्हणायचो. कारखाना बंद पडला तोवर दादाचे कान पार गेले होते, पण बोली कुठं जाणार? ती घरात राहिली. वहिनी वारली तेव्हा त्यांची मुलगी लहान होती. तिला सगळे ठकी म्हणतात. मी तिला वाढवलं. ठकी दोन्ही बोल्या एकदमच शिकली, तोंडातली आणि नुसत्या ओठांवरची. लहानपणी मला काही उलट बोलायचं झालं की ती बिनआवाजी बोलायची, आणि मलाही ती बोली येते हे विसरून माझा मार खायची.

ठकी लग्न होऊन लांब गेली. जाताना दादाला मोठ्या स्क्रीनचा फोन देऊन गेली. माझ्याकडे आपला बटणांचा डबडा आहे, तो मला पुरतो. तिच्या नवऱ्याला कायमची रात्रपाळी. तो दिवसा झोपतो, म्हणून दिवसा त्या घरात आवाज चालत नाही. भांडं वाजलं तरी सासू डोळे वटारते. तर दुपारी ठकी भिंतीकडे पाठ करून बसायची, फोन समोर टेकवून ठेवायची आणि बापाशी मागाच्या बोलीत बोलायची. साध्या गोष्टी दबक्या आवाजात, म्हणजे सासूलाही ऐकू जायच्या. जेवलात का, औषध घेतलं का. खऱ्या गोष्टी नुसत्या ओठांनी. सासूला वाटायचं, बहिऱ्या बापासाठी पोरगी तोंड वेडंवाकडं करतेय. ती काही लिहून पाठवायची नाही, कारण नवरा फोन उघडून बघायचा. लिहिलेलं मागं राहतं, ओठांवरचं कुणाला सापडत नाही.

त्या वेळी मी कामावर असायचे. संध्याकाळी आले की दादा मला सगळं सांगायचा. नवरा तापट आहे. ताट फेकलं. बाजारातून यायला उशीर झाला म्हणून दाराबाहेर उभं केलं. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"जाऊन घेऊन ये तिला," मी म्हणायचे.

"तिनं म्हणायला हवं," दादा म्हणायचा. "आपण ओढून आणली आणि उद्या तिलाच पस्तावा झाला, तर जन्मभर आपल्याला बोल लावील. ती ज्या दिवशी म्हणेल, बाबा मी येते, त्या दिवशी मी निघालो. चप्पल घालायलाही थांबणार नाही."

यावरून आमची बरीच भांडणं झाली. बहिऱ्याशी भांडणं सोपं नसतं. आपलं बोलणं रंगात आलं की तो तोंड फिरवतो, आणि झालं, आपण भिंतीशी भांडत बसतो.

मग प्लॅन महागला. वाढ मोठी नव्हती, पण दादाला ती मनाला लागली. तो घरी खुर्च्यांच्या बैठका विणून देतो. खुर्ची घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायला लागला, तुझा प्लॅन कुठला, किती डेटा मिळतो, कितीला पडतो. लोक एक खुर्ची टाकायला यायचे आणि अर्धा तास अडकायचे. कुणी सांगितलं, जुन्या कंपनीला सोडून जातो म्हणा, मग बघा कसे पाया पडतात. दादानं तसं रिचार्जवालीला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "जा की काका. नवीन कंपनीचं सिमही माझ्याकडेच मिळतं."

अखेर त्याला सापडला एक प्लॅन. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, आणि किंमत जवळजवळ निम्मी. रिचार्जवालीनं त्याला समोर तोंड करून, सावकाश सांगितलं, "काका, यात रोजचा डेटा अगदी थोडा आहे. तो संपला की नेट चालू राहतं, पण रांगतं. व्हिडिओ कॉल नीट होणार नाही."

"किती लागतो एका कॉलला? आम्ही काही सिनेमा बघत नाही," दादा म्हणाला.

मी म्हटलं, "दादा, स्वस्तातलं महागात पडतं."

"तू काज-बटणं बघ," तो म्हणाला.

मीही बघितली मग काज-बटणं. माणूस नाकानं कांदे सोलायला लागला की आपण बाजूला व्हावं, नाहीतर आपल्याच डोळ्यांत पाणी येतं.

त्यानंतर महिनाभर घरात मोठी शांतता होती. मी संध्याकाळी विचारायचे, "काय म्हणाली ठकी?"

"बरी आहे. जेवलात का विचारत होती."

"आणि तो?"

"त्याचं काही बोलली नाही. निवळला असेल."

दुसऱ्या दिवशीही तेच. बरी आहे, हसत होती. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, पोरीचे दिवस फिरले. कधीतरी ती माझ्या डबड्यावर फोन करायची, पण तिथं मागं सासू खोकत असायची, त्यामुळे "आत्या, तू बरी ना" यापुढं आमचं काही जायचं नाही. तरी एकदा वाटलं, हिचा आवाज असा कोरडा का? मग म्हटलं, सर्दी झाली असेल. माणसाला बरं वाटून घ्यायचं असलं की कारणं आपोआप सापडतात.

आज दुपारी आमच्या दुकानाची वीज गेली. शिलाई मशिनं बंद, इस्त्री बंद. शेठनं सगळ्यांना घरी पाठवलं. मी दार लोटून आत आले, तर दादा खिडकीशी बसलेला, माझ्याकडे पाठ, हातात फोन. ठकीचा कॉल चालू होता. मी गप्प उभी राहिले. म्हटलं, बघू तरी पोरगी कशी दिसते.

पोरगी दिसतच नव्हती. स्क्रीनवर नुसते रंगाचे चौकोन होते. मध्येच कपाळ यायचं, मध्येच कान, तोंडाच्या जागी एक पुसट डाग. तो हलायचा, अडकायचा, पुन्हा दुसरीकडं निघायचा. आणि दादा त्या डागाकडे बघून मान डोलवत, दबक्या आवाजात म्हणत होता. "हो, हो. बरं बरं. हो तर!"

फोनमधून ठकीचा दबका आवाज आला, "बाबा, गुडघ्याचं औषध घेतलंत का?"

"नको गं, काही नको," दादा हसत म्हणाला.

 ठकी म्हणाली, "बरं बाबा. ठेवते."

फोन बंद झाला तरी दादा त्याच्याकडे बघतच होता. मी पुढं होऊन त्याच्यासमोर उभी राहिले. मला बघून तो चोरी पकडल्यासारखा दचकला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"काय किती दिवस?"

"दादा, मला मुकादम समजू नकोस. किती दिवस झाले तुला ती दिसत नाही?"

त्यानं तोंड फिरवलं. मी त्याची हनुवटी धरून परत माझ्याकडे वळवली. मोठा भाऊ आहे, पण त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही.

"सुरुवातीला दिसते थोडी," तो म्हणाला. "मग फुटायला लागतं. सकाळी फोनच काहीतरी आपलं आपण उतरवून घेतो, त्यात डेटा जातो. मला वाटलं, जमेल. पोरीला काय सांगू? तुझ्या बापानं चार पैसे वाचवायला तुझं तोंड घालवलं? आणि तुला सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस."

ते खरं होतं. मी केलं असतं.

"आणि उत्तरं कशी देतोस?"

"ती रोज तेच तर विचारते. जेवलात का, हो. बरे आहात का, हो. काही पाठवू का, नको." तो जरासा हसायलाही लागला. "अजून तिला कळलेलं नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. पण याची मूठ झाकलेली ठेवण्यात काय गेलं, ते माझ्या हळूहळू लक्षात यायला लागलं. मी खाली बसले. महिनाभर हा मला रोज सांगत होता, ठकी बरी आहे. तिनं काय सांगितलं हे याला माहीतच नव्हतं.

"दादा, नीट आठव. बिनआवाजी काही बोलली का ती? एवढ्यात? बराच वेळ?"

तो आठवत बसला. मग त्याचा चेहरा बदलला.

"एकदा," तो म्हणाला. "प्लॅन बदलल्यावर लगेचच. फोन अगदी जवळ घेतला होता तिनं. बराच वेळ ओठ हलत होते, एवढं कळत होतं. मग थांबली. माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारलंय आणि उत्तराची वाट बघतेय, हे मला समजलं. मला वाटलं, काही पाठवू का विचारतेय."

"मग?"

"मी म्हटलं, नको. नको गं." त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा फोनकडे पाहिलं. "मग चित्र एकदम स्वच्छ झालं, आणि ती हसत होती. हसली म्हणून मला वाटलं, बरोबर उत्तर दिलं."

 ठकी कधी हसते, ते मी लहानपणापासून बघितलंय. वहिनीला नेलं त्या दिवशीही आलेल्यांसमोर ती हसत होती, कुणाला त्रास नको म्हणून. दादालाही तेच आठवलं असावं. तो उठला, कोपऱ्यातली अर्धी विणलेली खुर्ची त्याच्या पायात आली, ती त्यानं ढकलून दिली आणि तो थेट रस्त्यावर आला. मी दाराला कुलूप लावून त्याच्यामागं धावले.

दुकानात गर्दी होती. दादानं कुणाला न जुमानता पुढं जाऊन फोन काउंटरवर ठेवला. "यात डेटा भर. किती भरू ते विचारू नकोस."

रिचार्जवालीनं आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पोरीशी बोलायचंय. लगेच." तिनं पुढचं काही विचारलं नाही. टॉप-अप मारलं. मग फोनमध्ये काय काय शोधून म्हणाली, "हे बघा, काकांनी डेटा वाचवायचं बटणही चालू केलंय. आधीच चमचाभर, त्यात अर्धं झाकण." ते तिनं बंद केलं. टॉप-अपचा मेसेज यायला वेळ लागत होता. दादा फोनकडे असा बघत होता की मला बघवेना.

"काका, असू दे," ती म्हणाली. "माझ्या वायफायवर लावा." पासवर्ड तिनं स्वतःच टाकून दिला. काउंटरमागचं स्टूल बाहेर काढलं, गिऱ्हाइकांना म्हणाली, जरा सरका, आणि दादाला बसवलं.

ठकीनं लगेच उचलला. किती दिवसांनी बघत होते मी तिला! गाल बसले होते. केस कसेतरी बांधलेले. पण चित्र असं स्वच्छ, की भुवईवरची जुनी खूण दिसत होती. मागं पलंगावर पांघरूण घेऊन नवरा झोपलेला.

"बाबा? परत केलात?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

दादा ओठांनी बोलला, जरासाही आवाज न काढता. "त्या दिवशी तू काय विचारलंस? मला दिसलं नव्हतं. चित्र फुटलं होतं. मी उगाच नको म्हणालो."

ठकी पुढं वाकली.

"दिसलं नव्हतं?" तिचे ओठ हलले.

"काही दिसलं नव्हतं. महिनाभर काही दिसलं नाही. मी लबाडी केली. आता दिसतंय. सांग."

तिनं एकदा पलंगाकडे पाहिलं. मग फोन जवळ घेतला. मी दादाच्या खांद्यामागून वाचत होते. "मी विचारलं होतं, मी घरी येऊ का. कायमची. तो हात उचलतो, बाबा. तुम्ही नको म्हणालात, मग मी परत नाही विचारलं."

रिचार्जवालीला वाटलं, आवाज जात नाहीये. ती वाकून म्हणाली, "स्पीकर बिघडलाय का? बघू?" मी तिचा हात धरला आणि मानेनंच नाही म्हटलं. 

दादा स्टुलावरून उठला. मला वाटलं, हाही ओठांनीच उत्तर देणार. त्या घरात आवाज चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आजवर त्यानं ते पाळलंही होतं. पण दादानं छाती भरून श्वास घेतला.

"ये!" तो ओरडला. बहिऱ्याला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही, पण आज कळलं असतं तरी त्यानं तेवढाच काढला असता. "ये! घर तुझं आहे! पिशवी भर! मी आणि आत्या आत्ता निघतो तुला न्यायला!"

दुकानातली सगळी माणसं वळली. तिकडं पांघरूण हललं आणि नवरा उठून बसला. दारात सासू आली. मी म्हटलं, आता ठकी घाबरून फोन दाबून टाकणार.

ठकीनं फोन उचलला आणि फिरवला. आम्हाला ती दिसेनाशी झाली. समोर आला तो पलंग, अर्धवट झोपेतला नवरा आणि दारातली सासू, सगळे फोनकडे बघत असलेले. ठकीचा आवाज आला, दबका नाही, चांगला मोठा, घरभर जाईल असा. "बाबा, परत सांगा."

दादाला तो आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि तिचे ओठही आता दिसत नव्हते. तो माझ्याकडे वळला. मी त्याला ओठांनी सांगितलं, ती म्हणतेय परत सांगा.

त्यानं परत सांगितलं.